पाव ओला होऊ नये म्हणून

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात 'शुको' म्हणजे मळका, घाणेरडा. चिखलात लोळून आलेल्या पोराला म्हणतात तसा. आणि तिथल्या राजधानीत रस्त्याकडेला कोळशावर भाजून देतात त्या हॉटडॉगचं नावही तेच. मराठीत यासाठी आयता शब्द आहे : कळकट. 'स्टँडमागच्या त्या कळकट हॉटेलात मिसळ खा' असं कुणी सांगतं तेव्हा ती तक्रार नसते, शिफारस असते. शुकोचा मळकेपणा त्याच जातीचा. शब्दातला 'श'सुद्धा लक्ष देण्यासारखा आहे. तिथल्या स्पॅनिशचा हा मूळचा उच्चार नाही, त्यामुळे बोलण्यात 'श' ऐकू आला की तो शब्द बहुधा स्पॅनिश लोक येण्याआधीच्या भाषांतला, असा अंदाज बांधता येतो. केत्सालतेनांगो या मोठ्या शहराला सगळे 'शेला' म्हणतात, तेही असंच. पाव आणि सॉसेज बाहेरून आलं, नाव मात्र गावचं.

एक घोटाळा आधीच टाळलेला बरा. ग्वाटेमालाच्या पूर्व भागात आणि शेजारच्या एल साल्वादोरमध्ये 'आतोल शुको' नावाचं आंबवलेल्या मक्याचं गरम पेय मिळतं, आपल्या आंबिलीच्या कुळातलं. ते वेगळं. इथे विषय हॉटडॉगचा.

राजधानीत लिसेओ ग्वाटेमाला या शाळेच्या परिसरातले शुको प्रसिद्ध आहेत. इतके, की 'शुको देल लिसेओ' हे जणू त्या पदार्थाचं गोत्र झालंय. गाडीवर एका बाजूला निखाऱ्यांवर जाळी, जाळीवर साल्चिचा (म्हणजे साधं हॉटडॉगचं सॉसेज), तांबडा चोरिसो आणि लोंगानिसा (हीही सॉसेजेसच, मसाल्याची), सलामी, बेकन, कधी पातळ कापलेलं मांस. दुसऱ्या बाजूला दोन मोठी भांडी : एकात अवोकाडोचा लगदा, दुसऱ्यात उकडलेला कोबी. मग पिवळी मोहरी, मेयोनेज, केचप आणि तिखट. एकाहून जास्त प्रकारचं मांस हवं असेल तर 'मिक्स्तो' मागायचा.

लॅटिन अमेरिकेत हॉटडॉगवर अवोकाडो घालणारा ग्वाटेमाला एकटा नाही. चिली देशाचा 'कोम्प्लेतो' त्याहून गाजलेला आहे. पण कोम्प्लेतोत कच्चा टोमॅटो येतो आणि शुकोत येतो उकडलेला कोबी. शिवाय शुकोचा पाव निखाऱ्यावर भाजलेला असतो. या दोन गोष्टी काढल्या तर उरतो तो नुसता अवोकाडो लावलेला हॉटडॉग. घरी करणाऱ्यांची गल्लत इथेच होते. सगळं लक्ष सॉसेजकडे, 'कुठलं आणायचं, कुठे मिळतं', आणि कोबी शेवटच्या पाच मिनिटांत उकळून गाळणीतून थेट पावात. दोन घासांत पावाचा बूड गळून हातात येतो. शुको फसतो तो बहुतेक वेळा मांसामुळे नाही, पाण्यामुळे. कोबीचं पाणी, कांद्याचं पाणी, पातळ अवोकाडोचं पाणी, गरम सॉसेजची वाफ. गाडीवाला याच्याशी दिवसभर झुंजत असतो आणि आपल्याला ते दिसत नाही.

म्हणून सुरुवात कोबीपासून. खालची सगळी मापं सहा शुकोंची आहेत.

घट्ट, जड गड्डा घ्यावा आणि त्यातला 400 ग्रॅम कोबी चिरावा. पट्ट्या 3 मिलिमीटरच्या, पण लांबीने 3–4 सेंटिमीटरपेक्षा जास्त नकोत. लांब धागे राहिले तर पहिल्या घासाबरोबर अख्खा कोबी बाहेर ओढला जातो. दीड लिटर पाण्यात एक मोठा चमचा मीठ घालून पाणी खळखळ उकळू द्यावं, मग कोबी टाकावा आणि झाकण न ठेवता 4 मिनिटं शिजवावा. 5 मिनिटं झाली तरी चालेल, 10 नाही. कोबीत गंधकाची संयुगं असतात. जितका जास्त शिजेल तितका तो उग्र वास वाढत जातो, आणि झाकण ठेवलं की तो भांड्यातच कोंडतो. 'उकडलेल्या कोबीचा वास नको' म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा अर्धा तास उकडलेला कोबी खाल्लेला असतो. चार मिनिटांचा कोबी गोडसर लागतो, वाकतो पण दातांखाली किंचित करकरतो.

गाळून लगेच थंड पाण्यात घालावा, म्हणजे शिजणं तिथेच थांबतं. मग पिळणं. कोशिंबिरीसाठी काकडी पिळतात त्यापेक्षा जोरात. मूठभर कोबी स्वच्छ पंच्यात घ्यावा, पुरचुंडी करून पीळ द्यावा, पाणी थेंबथेंब पडायचं थांबेपर्यंत. 400 ग्रॅमचे साधारण 300 ग्रॅम उरले की काम झालं. पिळलेला कोबी ढेकळासारखा दिसतो, तो बोटांनी मोकळा करावा, चिमूटभर मीठ आणि हवं तर एक छोटा चमचा व्हिनेगर लावावं. मीठ आता लावायचं ते अगदी वाढायच्या वेळी. आधी लावून ठेवलं तर कोबी पुन्हा पाणी सोडतो आणि सगळं पिळणं वाया. एका शुकोला 50 ग्रॅम, म्हणजे सैल मूठभर. जांभळा कोबी दिसायला छान, पण तो अवोकाडोला निळसर डाग देतो. नकोच.

आता अवोकाडो. हे फळ जगाला जिथून मिळालं त्या मुलखातलाच हा पदार्थ. अवोकाडोच्या तीन मोठ्या वंशांपैकी एकाचं नावच ग्वाटेमाली आहे. बाजारात सगळीकडे दिसणारं खडबडीत सालीचं 'हास' हे वाण कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास यांच्या बागेत निपजलं, 1935 साली त्याचं पेटंट निघालं. पण त्याचं रक्त ग्वाटेमाली आणि मेक्सिकन, दोन्ही वंशांचं. ग्वाटेमालातल्या अँटिग्वा शहराच्या लोकांना बाकीचे 'पान्सा व्हेर्दे', म्हणजे हिरव्या पोटाचे, म्हणून चिडवतात. अवोकाडो खाऊन खाऊन पोटं हिरवी झाली म्हणे.

मेक्सिकोत अवोकाडोच्या लगद्याला 'ग्वाकामोले' म्हणतात, ग्वाटेमालात 'ग्वाकामोल', शेवटचा 'ए' गाळून. मेक्सिकन धाटणीपेक्षा तो साधा : अवोकाडो, लिंबू, कांदा, मीठ आणि वाळलेला ओरेगानो. टोमॅटो नाही, आणि शुकोसाठी तर तो मुळीच नको, कारण टोमॅटो म्हणजे पुन्हा पाणी. ओरेगानोची जागा कोथिंबिरीने भरू नये. चव चांगली लागते, पण ती वेगळ्या देशाची होते. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या वापरायच्या असतील तर आधी वास घ्यावा. त्यांत बऱ्याचदा मीठ, मिरची आणि लसूण मिसळलेली असते. मग मीठ त्या हिशेबाने.

तीन मध्यम हास अवोकाडोंचा सुमारे 400 ग्रॅम गर निघतो. त्याला दोन छोटे चमचे लिंबाचा रस, 30 ग्रॅम अगदी बारीक चिरलेला कांदा, अर्धा छोटा चमचा ओरेगानो आणि पाऊण छोटा चमचा मीठ. कांदा चिरल्यावर पाण्यात धुऊन पिळावा. उग्रपणा जातो आणि पाणीही. लगदा काट्याने किंवा रवीच्या बुडाने करावा, मिक्सरमध्ये नाही. मिक्सर गर पातळ करतो आणि त्यात हवा भरतो, त्यामुळे तो काळाही लवकर पडतो. थोड्या गुठळ्या राहिल्या तर उत्तम.

आपल्याकडे अडचण फळाचीच आहे. पावसाळ्याच्या दिवसांत कूर्ग, वायनाड, निलगिरीकडून जे मोठे, हिरवे, गुळगुळीत सालीचे अवोकाडो येतात त्यांत तेल कमी आणि पाणी जास्त. मिल्कशेकला ते छान, पावावर लावायला सैल. मराठी डोक्यात लगेच उपाय येतो : फडक्यात बांधून चक्क्यासारखं टांगावं. तो इथे चालत नाही. दह्यातलं पाणी सुटून खाली येतं, अवोकाडोचं गरातच मुरलेलं राहतं. त्यापेक्षा लिंबू निम्मं करावं, कांदा वगळावा आणि थर पातळ द्यावा. परदेशातून येणारं हास मिळत असेल तर शुकोसाठी तेवढा खर्च करणं रास्त.

अवोकाडो झाडावर पिकत नाही, उतरवल्यावर पिकतो. कडक फळ घरी आणलं तर चार ते सात दिवस धरून चालावं. घाई असेल तर केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवावं. देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबून पाहावं. तिथे दबलं की आत तयार आहे. पोटाला दाबून पाहणारे फळाला काळे डाग पाडतात, आणि ते डाग दुसऱ्याच्या नशिबी येतात. कच्चा अवोकाडो कापला गेला तर मायक्रोवेव्हमध्ये मऊ करायचा मोह होतो. मऊ होतो खरा, पण कडू लागतो. याच कारणाने ग्वाकामोल लावलेला पाव पुन्हा जाळीवर ठेवायचा नाही.

लगदा काळा पडतो तो हवेमुळे. लिंबू ते थोपवतं, थांबवत नाही. कोय आत ठेवली की रंग टिकतो हा समज फक्त कोयीखालच्या जागेपुरता खरा आहे. प्लास्टिकचा कागद लगद्याला अगदी चिकटून लावावा, मध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. फ्रिजमध्ये तीन-चार तास रंग नीट राहतो.

पावाबद्दल. हॉटडॉगचे म्हणून मिळणारे बन बहुधा गोड आणि कापसासारखे असतात. साखरेमुळे ते निखाऱ्यावर आतून तापायच्या आधीच काळे होतात, आणि मऊपणामुळे कोबीच्या वजनाने बसतात. लादीपाव तर आकारानेच बाद. गोव्यात असाल तर पोदेराकडचा उंडो घ्यावा, बाहेरून कडक आणि आतून चिवट, शुकोला त्याच्याइतका साजेसा पाव दुसरा नाही. फक्त तो गोल असतो, तर सॉसेज मधोमध कापून दोन तुकडे शेजारी ठेवायचे. मुंबईत ब्रून मिळतो, पण तो फारच कडक. चावताना सगळं मागून बाहेर येतं. हॉटडॉगचाच बन वापरायचा तर आदल्या दिवशीचा वापरावा.

घरी करायचा तर 500 ग्रॅम मैदा, 300 ग्रॅम पाणी, 10 ग्रॅम मीठ, 15 ग्रॅम साखर, 20 ग्रॅम तेल आणि 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. दहा मिनिटं मळावं. पीठ हाताला किंचित चिकटेल, तरी वरून मैदा घालत बसू नये. दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवावं, थंडीत दीड तास, मे महिन्यात चाळीस मिनिटंसुद्धा पुरतात. घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावं. आठ गोळे होतात, प्रत्येकी साधारण 105 ग्रॅमचे. प्रत्येक गोळा थापून, गुंडाळी करून 16–17 सेंटिमीटर लांब वळावा आणि जोड खाली करून ताटात ठेवावा. पुन्हा 40 मिनिटं फुगू द्यावं, मग 200 अंशांवर 16 ते 18 मिनिटं भाजावं. बन जास्त फुगवले तर वरून सुरकुततात आणि आत मोठी भोकं पडतात, ग्वाकामोल त्या भोकांतून खाली उतरतो. गरम बन कापू नये, आत वाफ असते. ते दुसऱ्या दिवशीच वापरावेत. दोन बन जास्त होतात. एखादा जळतोच.

मांसात साल्चिचा सगळ्यात सोपं. आपल्याकडे फ्रोझन मिळणारी चिकन किंवा पोर्क सॉसेजेस बहुधा आधीच शिजवलेली असतात (पाकिटावर पाहून घ्यावं), त्यांना फक्त तापवायचं आणि रंग आणायचा. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून बर्फ उतरवावा, नाहीतर बाहेर काळं आणि आत गार राहतं. मग लांबीने उभं चिरावं, पण पूर्ण वेगळं करू नये, पुस्तकासारखं उघडावं. असं केल्याने भाजायला दुप्पट जागा मिळते, आतली वाफ जाळीवरच निघून जाते आणि चपटं झालेलं सॉसेज पावातून घरंगळत नाही. उघडी बाजू आधी खाली, दोन मिनिटं. मग उलटून एक मिनिट.

तांबडा चोरिसो ही खरी चव. त्याचा रंग मिरचीपेक्षा आचिओतेचा असतो, आणि आचिओते म्हणजे आपली शेंदरी. झाड मूळचं अमेरिकेतलं, पण आपल्याकडे कधीच रुजलं, आणि चीज-लोण्याच्या पाकिटांवर '160 बी' हा जो रंग छापलेला असतो तो याच बियांचा. शेंदरीला स्वतःची चव थोडी, मातकट, किंचित मिऱ्यासारखी. रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. दोन मोठे चमचे तेलात एक मोठा चमचा बिया मंद आचेवर तीन मिनिटं ठेवाव्यात, तेल गडद नारिंगी झालं की गाळावं. आच मोठी झाली तर रंग उडून तेल पिवळट आणि कडवट होतं. मग ते टाकून पुन्हा करावं, त्याला इलाज नाही.

आतड्यात भरायची खटपट न करता चोरिसो असा होतो : 500 ग्रॅम डुकराचा खिमा, जाडसर, पाव भाग तरी चरबी असलेला. त्यात 9 ग्रॅम मीठ, 10 ग्रॅम ठेचलेली लसूण, अर्धा छोटा चमचा मिरी, एक छोटा चमचा ओरेगानो, 20 मिलिलिटर व्हिनेगर आणि वरचं शेंदरीचं गार झालेलं तेल. खिमा फ्रिजमधून काढल्या काढल्या मिसळावा, हाताला चिकटून तार येईपर्यंत, तीन-चार मिनिटं. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात आणि तीच पुढे गोंदाचं काम करतात. खिमा कोमट झाला तर चरबी वितळून हे बंध सुटतात आणि जाळीवर सगळं भुसभुशीत होऊन निखाऱ्यात पडतं. रात्रभर फ्रिजमध्ये मुरवून सहा चपटे लांबट वळे करावेत, प्रत्येकी साधारण 90 ग्रॅम. हे कच्चं मांस आहे, आतून 71 अंश व्हायलाच हवं. थर्मामीटर नसेल तर एक वळा मोडून पाहावा आणि आत गुलाबी ओलेपणा असेल तर अजून भाजावं.

गोव्याचा चोरिस चालेल का? चालेल, आणि ते नातं खरं आहे. स्पॅनिश लोकांनी एकीकडे नेला, पोर्तुगीजांनी दुसरीकडे, मूळ इबेरियातलं एकच. पण स्वभाव फार वेगळा झालाय. गोव्याचा चोरिस व्हिनेगर-मिरचीत मुरलेला, वाळवलेला, खारट आणि जहाल. तो जाळीवर भाजू नये. आतड्यातून काढून, थोड्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं शिजवून स्वतःच्या चरबीत परतावा आणि एका शुकोला 30 ग्रॅमपेक्षा जास्त घालू नये. ग्वाकामोलमधलं मीठ तेव्हा निम्मं. नाहीतर चोरिसपाव होतो. तोही छानच, पण मग अवोकाडो कशाला नासायचा?

मांस न खाणाऱ्यांसाठी जाळीवर भाजलेले जाड मशरूम चालतात. ते पाणी फार सोडतात, म्हणून आधी कोरडे परतून घ्यावेत. पनीर नको. अवोकाडोसारखंच मऊ आणि तेवढंच सौम्य, दोघं एकमेकांना झाकून टाकतात.

कोळसा. जुनी शेगडी असेल तर तिच्यासारखं साधन नाही. वर लोखंडी जाळी टाकली की गाडी तयार. सहा शुकोंना एक किलो लाकडी कोळसा पुरतो. पेटल्यावर वीस-पंचवीस मिनिटं वाट पाहावी, निखाऱ्यांवर राखाडी साय यायला हवी. ज्वाळा असताना भाजायला घेतलं तर धुरकट नाही, काजळीची चव येते. जाळीच्या वितीभर वर तळहात धरून चार-पाच सेकंद सोसवला तर आच योग्य. दोन सेकंदांत हात मागे आला तर थांबा. निखारे एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला विरळ पसरावेत. चोरिसोची चरबी टपकून भडका उडाला की मांस विरळ बाजूला सरकवायचं. पाणी शिंपडलं तर राख उडून मांसावर बसते. आणि शेगडी गच्चीत, अंगणात, मोकळ्या हवेतच. बंद स्वयंपाकघरात किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत कोळसा पेटवायचा नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणसं मरतात. मोकळी जागा नसेल तर बिडाचा तवा चांगला तापवून घ्यावा. धुराची चव येणार नाही, बाकी सगळं जमेल.

सॉसेज झालं की मगच पाव. पाव उघडून आतली बाजू खाली ठेवावी आणि उलथन्याने हलकं दाबावं, तीस ते चाळीस सेकंद. आतून सोनेरी, कडा गडद तपकिरी. हा भाजलेला पापुद्रा पाण्याविरुद्धची पहिली भिंत. बाहेरची बाजू फक्त दहा सेकंद तापवावी, जास्त भाजली तर पाव बिजागरीवर तुटतो.

दुसरी भिंत ग्वाकामोलची. मुंबईचा सँडविचवाला ब्रेडच्या अगदी कडेपर्यंत लोणी का लावतो? काकडी-टोमॅटोचं पाणी ब्रेडपर्यंत पोचू नये म्हणून. इथे लोण्याचं काम अवोकाडोचं तेल करतं. म्हणून ग्वाकामोल सगळ्यात खाली, दोन्ही फाकांवर, कडेपर्यंत, मिळून 65 ग्रॅम. मग कोबी. मग मांस, कोबीच्या वर. कोबी त्याच्याखाली गादीसारखा राहतो आणि गळणारी चरबी शोषून घेतो. उलट केलं, मांस खाली आणि कोबी वर, तर गरम सॉसेज ग्वाकामोल वितळवत बसतं आणि कोबी तोंडाला लागून सांडतो. सगळ्यात वर मोहरीची एक रेघ, मेयोनेजची एक. केचप ज्याला हवं त्याने. अंडं नसलेलं मेयोनेज फार गोड असेल तर त्यात लिंबू पिळावं.

मोहरीची पिवळी बाटलीच आणावी. लोणच्यासाठी फेसलेली मोहरी घालून पाहावी असं मराठी मनाला वाटणारच, पण तिचा झणका नाकात चढतो आणि अवोकाडो पार मरतो. बाटलीतली मोहरी पांढऱ्या दाण्यांची असते, तिचा तिखटपणा जिभेवरच थांबतो, आणि पिवळा रंग हळदीचा. तो आंबटपणा हवा असतो, झणका नव्हे.

झणक्यासाठी तिथे चिले कोबानेरो आहे. कोबान भागातली बारीक, धुरावर वाळवलेली मिरची, कुटून भुरभुरवतात. आपल्याकडे जवळची म्हणजे लवंगी. सहा वाळलेल्या लवंग्या निखाऱ्यांजवळ जाळीवर धरून फुगू द्याव्यात, काळ्या होऊ देऊ नयेत, आणि खलबत्त्यात मिठाच्या चिमटीबरोबर कुटाव्यात. ब्याडगी इथे उपयोगाची नाही, तिचा जोर रंगात. भाजलेल्या मांसाचा शुको करायचा असेल तर सोबत चिर्मोल करावा : चार टोमॅटो निखाऱ्यावर साल काळी होईपर्यंत भाजून, ठेचून, कांदा-कोथिंबीर-लिंबू-मीठ. पण तो वाटीत, शेजारी. पावात ओतला की आतापर्यंत बांधलेल्या दोन्ही भिंती कोसळल्या.

पाहुणे असतील तर काय आधी आणि काय नंतर, हे ठरवून ठेवावं. चोरिसोचं मिश्रण आणि बन आदल्या दिवशी, कोबी सकाळी उकडून आणि पिळून, मीठ न लावता. ग्वाकामोल दोन तास आधी. निखारे पेटल्यावर मग कशालाच वेळ नसतो. एका वेळी दोनच शुको भरावेत आणि ते हातात द्यावेत, ताटात मांडून ठेवू नयेत. भरलेला शुको पाच-सात मिनिटंच चांगला. त्यानंतर पिळलेला कोबीसुद्धा दगा देतो.

पाव संपले आणि कोबी-ग्वाकामोल उरला तर ग्वाटेमालातच त्याची सोय आहे, तिला 'मिक्स्ता' म्हणतात. पावाऐवजी मक्याची गरम तोर्तिया, वर ग्वाकामोल, कोबी, सॉसेज. तिथली तोर्तिया मेक्सिकोतल्यापेक्षा लहान आणि जाड. आपली मक्याची भाकरी दिसायला जवळची, पण तिचं पीठ चुन्याच्या निवळीत शिजवलेल्या मक्याचं नसतं. त्यामुळे ती वाकवली की चिरते आणि तिला तो खमंग, किंचित चुनखडीसारखा वास नसतो. अमेरिकेत राहणाऱ्यांना तोर्तिया कुठल्याही लॅटिन दुकानात मिळेल. इथे भाकरीच वापरायची तर लहान, तळहाताएवढी थापावी, तव्यावरून उतरल्या उतरल्या सगळं वर ठेवावं आणि न दुमडता, दोन्ही हातांनी धरून खावी. बोटं मळतातच.